मोटारीतील ॲम्प्लिफायरचा फ्यूज वारंवार का उडतो?

लांबच्या प्रवासात गाणे मध्येच थांबते. स्टिरिओचा दिवा चालू असतो, पडद्यावर गाण्याचे नावही दिसत असते. मात्र डिकीतील वूफर मुका झालेला असतो. रस्त्यालगतच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली की तो बॉनेट उघडतो, बॅटरीजवळच्या डबीतील जळालेला फ्यूज काढून दाखवतो आणि नवा बसवून देतो. दहा-पंधरा किलोमीटरनंतर तोही जातो. मग कोणीतरी सुचवते की तिसाच्या जागी साठचा फ्यूज टाकावा, म्हणजे कटकट मिटेल. कटकट खरोखरच मिटते. परंतु मूळ दोष जागच्या जागी राहतो आणि पुढच्या वेळी फ्यूजऐवजी तार तापू लागते.

ही सवय मोटारीबरोबर आलेली नाही. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज ज्या घरांत होते, त्या घरांत उडालेल्या फ्यूजमध्ये वायरच्या दोन-तीन तारा पिळून घालणारा एक तरी जाणकार असे. मोटारीत त्याच विद्येचा पुढचा अवतार म्हणजे सिगारेटच्या पाकिटातील चांदी फ्यूजभोवती गुंडाळणे. घराची वायरिंग निदान भिंतीत असते. मोटारीत हीच तार कार्पेटखालून, आसनांच्या बुडाशी, ज्वालाग्राही फोम आणि प्लॅस्टिकच्या सान्निध्यात जाते आणि तिच्या वर माणसे बसलेली असतात.

फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

फ्यूज किंवा पाठ्यपुस्तकी मराठीत वितळतार, ही ॲम्प्लिफायरच्या संरक्षणासाठी असते असा सार्वत्रिक समज आहे. ॲम्प्लिफायरच्या अंगावर बसवलेल्या फ्यूजपुरता तो काही अंशी खरा आहे. बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज मात्र केवळ तारेसाठी असतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणारी पाचेक मीटर लांबीची धन तार वाटेत कोठेही गाडीच्या पत्र्याला टेकली, तर बॅटरीतील सारी शक्ती त्या एका बिंदूतून वाहू लागते, कारण गाडीचा सांगाडा हाच ऋण ध्रुव असतो. म्हणूनच हा फ्यूज बॅटरीपासून तारेच्या लांबीने दीड फुटाच्या, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आत असावा, असा या क्षेत्रातील दंडक आहे. फ्यूजच्या अलीकडील तारेला कोणतेच संरक्षण नसते. काही ठिकाणी मुख्य फ्यूज सोयीसाठी डिकीत, ॲम्प्लिफायरशेजारी बसवलेला आढळतो. तो तेथे असून नसल्यासारखाच आहे.

बॅटरी केवळ १२ व्होल्टची असते, तिला हात लावला तरी झटका बसत नाही, यामुळे हे सारे निरुपद्रवी वाटते. झटका विभवांतरामुळे बसतो. आग मात्र विद्युतधारेच्या उष्णतेने लागते. साधी हॅचबॅक मोटार सुरू होताना तिची बॅटरी क्षणभर काहीशे ॲम्पिअर धारा देते आणि शॉर्टसर्किट झाल्यासही ती तितकीच उदार असते. १२ व्होल्टला ३०० ॲम्पिअर म्हणजे ३,६०० वॅट होतात. स्नानगृहातील गिझर बहुधा २,००० किंवा ३,००० वॅटचा असतो. त्याहून अधिक शक्ती पत्र्याला घासणाऱ्या तारेच्या टोकाशी एकवटली तर काय होईल, याची कल्पना करता येते.

तिसाऐवजी साठचा फ्यूज बसवण्याचा परिणामही आकड्यांत मांडता येतो. अनेक मोटारींत धन तार म्हणून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातलेली असते. पाच मीटर लांबीत तिचा रोध सुमारे २१ मिलिओहम भरतो. तिच्यातून ३० ॲम्पिअर धारा गेल्यास सुमारे १९ वॅट उष्णता निर्माण होते. ६० ॲम्पिअरला ती ७७ वॅटच्या आसपास जाते. धारा दुप्पट झाली की उष्णता चौपट होते. हवा न लागणाऱ्या कार्पेटखाली तासन्‌तास इतकी उष्णता साठत राहिली, तर तारेचे आवरण प्रथम मऊ होते, मग चिकट होते आणि अखेर पत्र्याच्या एखाद्या कडेशी फाटते. जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो तो याच टप्प्यावर.

उडालेला फ्यूज फेकण्यापूर्वी

दोष शोधण्याची सुरुवात मल्टिमीटरने नव्हे, तर डोळ्यांनी करावी. या मांडणीत फ्यूज एक नसतो. बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज, दोन ॲम्प्लिफायर असल्यास वाटप करणाऱ्या पेटीतील फ्यूज, ॲम्प्लिफायरच्या अंगावरील रंगीत फ्यूज आणि स्टिरिओच्या पाठीमागील किंवा डॅशबोर्डखालच्या पेटीतील छोटा फ्यूज अशी ती साखळी असते. यांतील कोणता गेला, यावर निम्मे निदान अवलंबून आहे. केवळ मुख्य फ्यूज गेला आणि ॲम्प्लिफायरवरील शाबूत असेल, तर संशय या दोहोंमधील तारेवर घ्यावा. केवळ ॲम्प्लिफायरवरील गेला असेल तर दोष त्याच्या आत किंवा स्पीकरकडील बाजूस असतो. स्टिरिओचा फ्यूज गेला असल्यास ॲम्प्लिफायरला उगाच दोष देऊ नये. मात्र स्टिरिओकडून त्याच्याकडे जाणारी बारीक, बहुधा निळी-पांढरी रिमोट वायर पत्र्याला लागली नाही ना, हे अवश्य पाहावे.

त्यानंतर जळालेल्या फ्यूजचा चेहरा पाहावा. धातूची पट्टी मध्यभागी हळुवार वितळून तुटली असेल आणि प्लॅस्टिक स्वच्छ असेल, तर धारा मर्यादेपेक्षा थोडीच अधिक होती आणि ती काही काळ वाहत होती. पट्टी नाहीशी होऊन आतील भाग काळवंडला असेल, तर शॉर्टसर्किट सरळसरळ आहे. तिसऱ्या प्रकाराकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही. त्यात फ्यूजचा मध्य नव्हे, तर पायाजवळचे प्लॅस्टिक वितळलेले असते. अशा वेळी धारा अधिक नसते. फ्यूजची डबी सैल किंवा गंजलेली असते, सांध्याशी उष्णता निर्माण होते आणि तीच फ्यूजला वितळवते. तेथे दहा नवे फ्यूज घातले तरी दहाही जातील. डबीच बदलावी लागते.

ॲम्प्लिफायरवर वापरले जाणारे रंगीत ब्लेड फ्यूज १९७६ साली अमेरिकेत विकसित झाले आणि त्यांची रंगसंगती आज जगभर रूढ आहे. लाल १० ॲम्पिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, पारदर्शक २५ चा, हिरवा ३० चा आणि नारिंगी ४० चा. पूर्वीच्या मालकाने किंवा दुकानदाराने हिरव्याच्या जागी नारिंगी बसवला असेल, तर तो रंगावरून लगेच कळतो. जुनी मोटार विकत घेणाऱ्यांनी ही एक गोष्ट तरी पाहावी. ॲम्प्लिफायरवर फ्यूजचा आकडा छापलेला असतो. त्या आकड्याशी रंग जुळत नसेल, तर दुरुस्तीचा इतिहास न विचारताही समजतो.

फ्यूजवर ३० असे लिहिले म्हणून तो ३१ व्या ॲम्पिअरला उडत नाही, हेही ध्यानात घ्यावे. सर्वसाधारण ब्लेड फ्यूज दहा टक्के जादा धारा शंभर तास सोसू शकेल असाच घडवलेला असतो. पस्तीस टक्के जादा धारेला तो पाऊण सेकंदापासून दहा मिनिटांपर्यंत केव्हाही वितळू शकतो. दुप्पट धारेला पाच सेकंदांच्या आत आणि साडेतीनपट धारेला अर्ध्या सेकंदाच्या आत तो जातो. म्हणूनच फ्यूज केव्हा उडाला हा प्रश्न कोणता उडाला याइतकाच मोलाचा आहे.

केव्हा उडाला?

सारे बंद असताना, फ्यूज बसवताक्षणी ठिणगी पडून तो उडत असेल, तर तीन-चार शक्यता राहतात. ॲम्प्लिफायरची धन तार सोडवून तिचे टोक टेपने बंद करावे आणि मग फ्यूज बसवावा. तरीही तो उडाला तर तार कोठेतरी पत्र्याला टेकलेली आहे. तो टिकला तर दोष ॲम्प्लिफायरच्या आत आहे. बहुधा त्याच्या वीजपुरवठा विभागातील मॉस्फेट ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेले असतात. बॅटरी बदलताना किंवा दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून मोटार सुरू करताना तारा उलटसुलट जोडल्या गेल्या असतील, तर आणखी एक कारण संभवते. बहुसंख्य ॲम्प्लिफायरमध्ये अशा चुकीसाठी एक डायोड असतो. उलट जोडणी झाल्यास तो धारा स्वतःतून वाहू देतो, फ्यूज उडवतो आणि बाकीचे यंत्र वाचवतो. कधीकधी या बलिदानात तो स्वतःच कायमचा शॉर्ट होतो. त्यानंतर जोडणी सुलट केली तरी फ्यूज उडतच राहतो आणि मालक बुचकळ्यात पडतो. अशा वेळी दुरुस्ती एका डायोडपुरती असू शकते. नवा ॲम्प्लिफायर घेण्याची घाई करू नये.

ज्यांनी ॲम्प्लिफायरजवळ एक फॅरडचा मोठा कपॅसिटर बसवला आहे, त्यांच्याबाबत कारण याहून साधे असू शकते. रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसर्किटसारखाच वागतो. त्याच्यासोबत मिळणाऱ्या रेझिस्टरमधून किंवा १२ व्होल्टच्या बल्बमधून तो आधी सावकाश भरून घ्यावा लागतो आणि मगच थेट जोडावा लागतो.

फ्यूज बसवताना काही होत नाही, पण स्टिरिओ चालू करताच तो जातो, असा दुसरा प्रकार आहे. स्टिरिओ सुरू झाल्यावर रिमोट वायरमधून संकेत मिळतो आणि ॲम्प्लिफायर जागा होतो. जागा होताच तो फ्यूज उडवत असेल, तर त्याचे ध्वनी बाहेर पाठवणारे ट्रान्झिस्टर निकामी झालेले असतात किंवा स्पीकरच्या तारा एकमेकींना अथवा पत्र्याला लागलेल्या असतात. स्पीकरच्या सर्व तारा सोडवून पुन्हा चालू केल्यास या दोहोंतील कोणते कारण खरे, ते मिनिटभरात स्पष्ट होते.

आवाज वाढवल्यावर, विशेषतः ढोलाचा ठेका सुरू झाल्यावर फ्यूज जात असेल, तर तारांपेक्षा गणिताकडे पाहावे. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ॲम्प्लिफायरला २ ओहमचा भार दिसतो आणि धारा दुप्पट होते. वूफरसाठी दोन वाहिन्या जोडून, म्हणजे ब्रिज करून वापरल्यास प्रत्येक वाहिनीला प्रत्यक्ष भाराच्या निम्माच रोध जाणवतो. ब्रिज जोडणीत किमान ४ ओहम अशी सूचना असलेल्या ॲम्प्लिफायरला कोणी ४ ओहमच्या दोन कॉइलचा वूफर समांतर जोडला, तर भार २ ओहम होतो आणि प्रत्येक वाहिनी १ ओहमला तोंड देते. हळू आवाजात हे चालून जाते. लग्नाच्या वरातीत चालत नाही. त्याच दोन कॉइल एकसर जोडल्या असत्या तर भार ८ ओहम झाला असता. आवाज थोडा कमी, पण फ्यूज शाबूत.

याच प्रकारात गेनच्या बटणाचा गैरवापरही मोडतो. गेन म्हणजे आवाज वाढवण्याचे दुसरे बटण, असे मानून ते शेवटपर्यंत फिरवलेले असते. स्टिरिओकडून येणारा संकेत आणि ॲम्प्लिफायरची क्षमता यांचा मेळ घालणे एवढेच त्याचे काम आहे. मर्यादेबाहेर गेल्यावर ध्वनिलहरींचे माथे कापले जातात. गोलसर लहरीच्या जागी चौकोनी लहर आली की तितक्याच उंचीत शक्ती दुप्पट होते. ॲम्प्लिफायर तापतो, वूफरची कॉइल तापते आणि फ्यूज आपले काम करतो. गाणे फाटल्यासारखे ऐकू येत होते, हे मालकाला विचारल्यावर नेमके आठवते.

अर्ध्या-पाऊण तासाने उडणारा फ्यूज बहुधा उष्णतेची तक्रार करत असतो. सैल डबीचा उल्लेख वर आलाच आहे. त्याखेरीज आसनाखाली कार्पेटमध्ये गुंडाळल्यासारखा ठेवलेला ॲम्प्लिफायर आणि कच्चे अर्थिंग ही दोन कारणे वारंवार आढळतात. अर्थची तार रंगावर स्क्रू मारून बसवलेली असते. रंग हा वीजरोधक आहे. तो खरवडून, उघड्या पत्र्यावर थिंबलसह घट्ट बोल्ट लावावा लागतो आणि ही तार धन तारेइतकीच जाड असावी लागते. अर्थिंग कच्चे असल्यास ॲम्प्लिफायरला मिळणारे व्होल्ट घसरतात. ज्यांचा वीजपुरवठा नियंत्रित पद्धतीचा आहे, ते ॲम्प्लिफायर तितकीच शक्ती देण्यासाठी अधिक धारा ओढतात. शिवाय परतीचा मार्ग न मिळालेली धारा ध्वनिसंकेताच्या बारीक केबलमधून स्टिरिओकडे धावते आणि तेथील नाजूक जोडणी जाळते. इंजिनाच्या गतीबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी स्पीकरमधून येत असेल, तर प्रथम अर्थिंगचा बोल्ट तपासावा.

सर्वांत छळवादी प्रकार अधूनमधून उडणाऱ्या फ्यूजचा. गॅरेजमध्ये सारे ठीक असते आणि खड्ड्यातून जाताना तो जातो. येथे गाडीचाच नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागतो. इंजिन आणि प्रवासी कक्ष यांमधील पत्र्याच्या भोकातून धन तार आत येते. त्या भोकात रबरी ग्रोमेट नसेल, तर इंजिनाच्या प्रत्येक थरथरीबरोबर पत्र्याची धार आवरण कापत राहते. वर्ष-सहा महिन्यांनी तांबे उघडे पडते. दुसरी जागा पुढील आसनाच्या रुळाखाली. आसन मागेपुढे केले की तार चिमटते. तिसरी दरवाजाच्या बिजागरीपाशी. चौथी जागा हॅचबॅक मोटारींत हमखास असते: मागील पार्सल ट्रेवर ओव्हल स्पीकर बसवलेले असतात, सामान ठेवण्यासाठी ट्रे काढला जातो आणि कप्लरची उघडी टोके डिकीच्या कुलपाच्या पत्र्यावर लोंबत राहतात. गावी जाताना फ्यूज उडतो, परत आल्यावर उडत नाही, अशा तक्रारीचे मूळ अनेकदा हा ट्रेच असतो.

पावसाळ्यात यात आणखी दोघांची भर पडते. कार्पेटखाली साचलेले पाणी सांधे गंजवते आणि ऊब शोधत बॉनेटमध्ये शिरलेले उंदीर आवरण कुरतडतात. कोकणात किंवा मुंबई-ठाण्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारींना याचा अनुभव चांगलाच असतो. पावसाळ्यानंतर अचानक फ्यूज उडू लागले, तर धन तारेचा बॉनेटमधील भाग हाताने चाचपून पाहावा. बॅटरीचे ऋण टोक सोडवल्यानंतरच.

बल्बची जुनी युक्ती

अशा शोधात डझनभर फ्यूज वाया घालवण्याची आवश्यकता नाही. घरगुती वायरिंग करणारे जुने कारागीर सिरीजचा बल्ब वापरतात. मोटारीत त्याच तत्त्वावर हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब फ्यूजच्या जागी दोन तारांनी जोडता येतो. परिपथात कितीही मोठा शॉर्ट असला तरी या बल्बमधून साडेचार-पाच ॲम्पिअरपेक्षा अधिक धारा जाऊ शकत नाही. शॉर्ट असेल तर तो पूर्ण तेजाने पेटतो आणि पेटलेलाच राहतो. शॉर्ट नसेल तर विझलेला राहतो. ॲम्प्लिफायर चालू होताना क्षणभर चमकून मंदावला तर ते स्वाभाविक आहे. बल्ब पेटलेला असताना एकाने तार हलवत जावे आणि दुसऱ्याने बल्बकडे पाहावे. ज्या जागी हात लागताच तो विझतो, तेथे दोष सापडतो. बल्बची काच काही सेकंदांत चटका देण्याइतकी तापते. तो आसनावर किंवा कार्पेटवर ठेवू नये.

काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे आणि अखेरीस तेच शेवटी जोडावे. धन टोक आधी सोडवताना पाना पत्र्याला लागला, तर फ्यूजच्याही अलीकडे शॉर्टसर्किट होते. काही स्टिरिओ बॅटरी काढल्यावर सांकेतिक क्रमांक मागतात, तो आधी शोधून ठेवावा.

त्यानंतर ॲम्प्लिफायरच्या सर्व जोडण्या सोडवाव्यात आणि स्पीकरच्या तारा मल्टिमीटरने मोजाव्यात. ४ ओहमचा निरोगी स्पीकर मीटरवर सुमारे ३ ते ४ ओहम दाखवतो. एक ओहमच्या खालचा आकडा म्हणजे तारा किंवा कॉइल चिकटलेली आहे. प्रत्येक तार आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये मात्र मीटरने काहीच जोडणी दाखवता कामा नये. हे झाल्यावर बल्ब लावून बॅटरी जोडावी आणि एकेक जोडणी परत आणावी: प्रथम केवळ अर्थ आणि धन तार, मग रिमोट वायर, मग एकेक स्पीकर, शेवटी ध्वनिसंकेताची केबल. बल्ब ज्या पायरीवर पेटून राहील, त्या पायरीवर थांबावे. घाईने दोन जोडण्या एकदम केल्या की सारी मेहनत पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. बल्ब लावलेला असताना आवाज मात्र वाढवू नये. वूफरला लागणारी धारा तो देऊ शकत नाही आणि निष्कारण पेटून दिशाभूल करतो.

किती ॲम्पिअरचा असावा?

मुख्य फ्यूजचा आकडा ठरवताना दोन मर्यादा पाहाव्या लागतात: तारेला किती सोसते आणि ॲम्प्लिफायरला किती लागते. पहिली मर्यादा कधीही ओलांडायची नसते. ८ गेज, म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला मोटारीतील अंतरासाठी सामान्यतः ५० ते ६० ॲम्पिअरपर्यंतचा फ्यूज लावला जातो; ४ गेज, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटरच्या तारेला १०० ते १५० पर्यंतचा. हे आकडे शुद्ध तांब्याचे आहेत. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार असते. ॲल्युमिनिअमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के आहे. काही किटमध्ये जाडजूड पारदर्शक आवरणाच्या आत तार बारीक निघते. टोक सोलून चाकूने खरवडल्यास आतून पांढरा धातू दिसतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा दिल्लीच्या करोल बागेत काय, खरेदीपूर्वी टोक सोलून दाखवण्याची विनंती करण्यात संकोच नसावा.

दुसरी मर्यादा वॅटच्या हिशेबातून कळते, मात्र खोक्यावर छापलेले वॅट येथे उपयोगाचे नाहीत. ६० वॅट आरएमएसच्या चार वाहिन्या असलेला ॲम्प्लिफायर २४० वॅट देतो. जुन्या एबी वर्गाच्या रचनेत निम्म्याच्या आसपास शक्ती उष्णतेत जाते, म्हणजे त्याला बॅटरीकडून ४०० ते ४८० वॅट घ्यावे लागतात. इंजिन चालू असताना विभवांतर १३.८ व्होल्टच्या आसपास धरल्यास धारा ३० ते ३५ ॲम्पिअर होते. डी वर्गाचे ॲम्प्लिफायर सुमारे ८० टक्के कार्यक्षम असतात, त्यांना तेवढ्याच आवाजासाठी सुमारे २२ ॲम्पिअर पुरतात. हाच हिशेब उलट केला की एक गंमत हाती लागते. खोक्यावर २,००० वॅट असे ठळक अक्षरांत छापलेले असते आणि यंत्रावर २५ ॲम्पिअरचा एकच फ्यूज असतो. २५ गुणिले १३.८ म्हणजे ३४५ वॅट. जेवढे आत जाऊच शकत नाही, त्याच्या सहापट बाहेर येईल असे उत्पादकाला वाटत असावे. यंत्रावरील फ्यूज जाहिरातीपेक्षा अधिक प्रामाणिक असतो.

मुख्य फ्यूज घेताना ॲम्प्लिफायरवरील फ्यूजची बेरीज करावी आणि त्याच्या जवळचा आकडा निवडावा. तो तारेच्या मर्यादेत बसत नसेल, तर तार बदलावी. फ्यूज वाढवणे हा तार बदलण्याचा पर्याय नाही.

काही मोटारींत अधिक सावधगिरी हवी. सीएनजीवर चालणाऱ्या मोटारींच्या डिकीत टाकी आणि तिची नळी असते. तेथे ॲम्प्लिफायर बसवण्यासाठी अंदाजाने ड्रिल चालवू नये आणि ठिणगी पडू शकेल असे सैल सांधे ठेवू नयेत. विजेवर चालणाऱ्या मोटारींतही दिवे आणि स्टिरिओसाठी १२ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी असते, परंतु तिला भरणाऱ्या कन्व्हर्टरची क्षमता मर्यादित असते आणि नारिंगी रंगाच्या उच्चदाबाच्या केबलला हात लावायचा नसतो. अलीकडच्या अनेक मोटारींत बॅटरीच्या ऋण टोकावर धारा मोजणारा संवेदक असतो. ॲम्प्लिफायरची अर्थ थेट त्या टोकाला जोडल्यास ही धारा मोजणीतून निसटते; ती सांगाड्यालाच द्यावी. वॉरंटी चालू असलेल्या गाडीची मूळ वायरिंग कापण्यापूर्वी तिच्या अटी वाचाव्यात.

बल्बच्या परीक्षेत दोष ॲम्प्लिफायरच्या आत असल्याचे ठरले, तर घरच्या दुरुस्तीची हद्द तेथे संपते. शॉर्ट झालेला एक ट्रान्झिस्टर बदलून भागत नाही. त्याच्या जोडीचे आणि त्यांना चालवणारे रेझिस्टर तपासावे लागतात, अन्यथा नवा भागही पहिल्याच मिनिटात जातो. कारागिराकडे यंत्र देताना फ्यूज कोणता, केव्हा आणि काय चालू असताना उडाला, हे कागदावर लिहून द्यावे.

चालत्या गाडीत जळका वास आला किंवा धूर दिसला, तर स्टिरिओ बंद करून पाहत बसू नये. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे, सर्वांनी उतरून दूर जावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. बॉनेटमधून धूर येत असल्यास ते पूर्ण उघडू नये. आत हवा शिरताच ज्वाळा वाढतात.

दुरुस्तीनंतर पहिल्या आठवड्यात, नेहमीच्या आवाजात अर्धा तास गाणी वाजवून मुख्य फ्यूजच्या डबीवर आणि अर्थच्या बोल्टवर हाताची पाठ टेकवून पाहावी. कोमट लागले तर चालते. हात ठेववत नसेल तर स्क्रू पुन्हा आवळावेत आणि तरीही तापत असल्यास ती डबी किंवा थिंबल बदलावे. मूळ आकड्याचे दोन जादा फ्यूज डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावेत आणि तो आकडा डबीच्या झाकणावर मार्करने लिहावा, म्हणजे रात्री परगावी गाडी दुसऱ्या कोणाच्या हाती गेली तरी त्याला अंदाज करावा लागणार नाही.